गप्प लिहिलेलं रोप

मंगळवार, ४

ही वही लिहायला घेतली त्याचं कारण एकच. तोंडाने बोलले तर भांडण होईल, आणि भांडणात भावजयीपुढे माझा टिकाव लागत नाही. तिची जीभ तिखट आहे हे आमच्या सगळ्या नात्यात माहीत आहे. मी आयुष्यभर इस्पितळाच्या औषधखान्यात खिडकीमागे बसले. तिथे विचारलं तेवढंच सांगायची सवय लागते.

भाऊ जाऊन महिना होत आला. लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरून आला, जिना चढला आणि वरच्या दारात बसला, तो उठलाच नाही. माझ्याहून बराच लहान. मी त्याला शाळेत सोडायला जात असे.

घर असं: खाली मी, वर ती दोघं, त्यावर गच्ची. गच्चीत त्याच्या मिरच्या. खायच्या मिरच्या नव्हेत या. एक कापली तर जिन्यापर्यंत खोकला येतो. दोन जहाल जातींचा संकर करून तो आठ वर्षं स्वतःची एक जात तयार करत होता. दरवर्षी रोपं लावायची, त्यांतलं सगळ्यात तिखट निवडायचं, त्याचंच बी धरायचं, बाकीची काढून टाकायची. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. असं करत करत सगळी रोपं एकाच तिखटाची निघायला लागली की जात पक्की झाली म्हणतात. जाण्याआधी थोडे दिवस तो म्हणाला होता, "ताई, यंदाचं बी धरलं की झालं. मग नाव ठेवायचं." मी नुसतं हं म्हटलं होतं.

त्याच्या पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून तो मिरपूडसुद्धा खात नसे. दूधभात खाणारा माणूस आणि छंद हा. पण घरात सुख नसलं की माणूस गच्चीवर जाणारच.

सुख नव्हतं हे मी कानांनी ऐकलं आहे. रविवारी दुपारी वरून हिच्या शिव्या यायच्या. एखाद्या ट्रकवाल्यानेही मान खाली घालावी अशा. आणि तो हसायचा. बिचारा हसून वेळ मारून न्यायचा. मग ही दाणदाण पावलं टाकत स्वयंपाकघरात जायची आणि फ्रिजचं दार आपटायची. मी रेडिओ मोठा करत असे.

बुधवार, ५

पाणी घालायला गच्चीत गेले तर ती तिथे उभी. केस विंचरलेले नाहीत. मी बादली ठेवली.

"ताई, ही सगळी उपटून टाकावीशी वाटतात," म्हणाली.

"का?"

"वास येतो."

"मिरचीला वास असणारच."

"मिरचीचा म्हटलं का मी?" आणि खाली निघून गेली.

मग कशाचा? कोड्यात बोलायचं आणि वर आपणच चिडायचं. आता या रोपांवर मला लक्ष ठेवावं लागणार. त्याचं मागे राहिलेलं असं दुसरं काही नाही. मूल नाही. या कुंड्या आहेत. यंदाचं बी धरलं नाही तर आठ वर्षं मातीत गेली.

रविवार, ९

झणका आला होता. हे नाव भावाने ठेवलेलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासतो आणि घरी असल्याच मिरच्या लावतो. अशा वेड्यांचा त्यांचा एक गट आहे. आल्या आल्या त्याने रुमालाने डोळे पुसले. मला ते आवडलं नाही. आम्ही घरची माणसं कोरडी बसलो आहोत आणि हा पाहुणा रडतो.

"ताई, यंदाची निवड झाली होती का?"

"मला माहीत नाही."

"पहिल्या तोड्यालाच तो निवड करायचा. लोक तिखटपणा मोजायला प्रयोगशाळेत पाठवतात. हा म्हणायचा, माझी प्रयोगशाळा घरात आहे, आणि ती चुकत नाही."

गच्चीला प्रयोगशाळा म्हणायचा. लहानपणापासून त्याला मोठ्या बाता मारायची सवय.

"वहिनींना विचारलंत?" झणका म्हणाला.

"तिला काय विचारायचं? ती उपटायला निघाली आहे."

"वहिनी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तुमच्या घरात मी बोलू नये. पण विचारा त्यांना."

मी म्हटलं, "रोपांना पट्ट्या लावलेल्या आहेत. औषधखान्यात माझी उमर गेली. कसल्या कसल्या डॉक्टरांचं अक्षर मी वाचलंय. मला पट्टी वाचता येते."

"पट्ट्या आहेत ना, मग झालं. सगळ्यात वरचं ठेवा. कमी प्रतीची काढलीत तरी चालतील, उगाच मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर जाऊन घोटाळा करतात." निघताना म्हणाला, "मागच्या वर्षीचं थोडं बी माझ्याकडे आहे. पण ते म्हणजे एक वर्ष मागे जाणं. तशी वेळ येऊ नये."

ती वर होती. खाली आली नाही. तो वर जाऊन तिला भेटला, आणि बराच वेळ बसला. माझ्याकडे चहा अर्धा ठेवून गेला होता.

मंगळवार, ११

आज सगळ्या पट्ट्या नीट पाहिल्या. दह्याच्या डब्याच्या कापलेल्या पट्ट्या, त्यावर त्याचं पेन्सिलीचं अक्षर. मला वाटलं होतं आकडे असतील. आकडे नाहीत, शब्द आहेत. एकेक शब्द. हसू. पाणी, असं दोन कुंड्यांवर. शिवी, असंही दोन. देव. आणि गप्प.

अर्ध्या तासात उलगडा झाला. ही झाडांची प्रकृती आहे. इस्पितळात खाटेपाशी लावतात तशी. हसू म्हणजे हसरं, टवटवीत. ते खरोखरच तसं आहे. पाणी म्हणजे याला पाणी जास्त लागतं. शिवी म्हणजे त्याला छळणारं झाड; दोन्हींवर मावा पडलेला दिसतो. देव म्हणजे अर्थातच सगळ्यात श्रेष्ठ. आणि गप्प म्हणजे खुंटलेलं, काही न करणारं. ते कोपऱ्यात आहे, बुटकं आहे, चारच फळं आहेत आणि तीही सुरकुतलेली, चॉकलेटी रंगाची, शेपटीसारखं टोक असलेली.

झणका म्हणे, वहिनींना विचारा.

बुधवार, १२

आज संताप झाला. प्रत्येक झाडाचं एक पिकलं फळ तोडलेलं. आणि ते तरी नेलंय का? अर्धवट चावून कुंडीतच टाकलंय. दातांच्या खुणा दिसत होत्या. हिला उपटायचा धीर झाला नाही म्हणून ही अशी नासधूस.

तशीच बाजारात गेले, कुलूप आणलं आणि गच्चीच्या दाराला लावलं. जिन्यावरून उतरताना ती दारात उभी होती. डोळे लाल, नाक लाल, हातात दुधाचा पेला. रडत असेल तर रडो. आठ वर्षं छळून आता रडून काय उपयोग.

"कुलूप कशाला?" म्हणाली.

"पाखरं फळं खातात," मी म्हटलं.

"पाखरांना ही मिरची तिखट लागत नाही ताई. माहीत आहे का? खुशाल खातात. माणसांनाच लागते."

मी खाली आले.

शुक्रवार, १४

बी धरण्याआधी एकदा स्वतः चाखून खात्री करावी असं वाटलं. काम करायचं तर नीट करावं. हातमोजे घातले. 'देव' झाडाचं एक फळ खाली आणलं, नखाच्या टोकाएवढा तुकडा कापला आणि जिभेवर ठेवला.

सुरुवातीला एक गोडसर वास आला, फळासारखा. मला वाटलं, एवढंच? मग सुरू झालं. जीभ, मग टाळू, मग कान. कान कसे काय दुखतात? मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. पाणी प्यायले, त्याने आणखीच पसरलं. मोरीपाशी वाकून "देवा, देवा, देवा रे" एवढंच म्हणत होते. मी एरवी देवाचं नाव घेणारी नाही. इतकी वर्षं औषधं वाटून माझा त्याच्यावरचा विश्वास केव्हाच उडाला आहे.

शेवटी दही खाल्लं तेव्हा जरा बरं वाटलं. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. 'देव' हेच सगळ्यात वरचं. 'गप्प' चाखायची गरज नाही. आणि खरं सांगायचं तर धीरही नाही.

शनिवार, १५

आज 'गप्प' काढलं. मुळं चांगली खोल गेली होती, दोन्ही हातांनी ओढावं लागलं. झाड, फळं, कुंडीत पडलेलं ते चावलेलं फळसुद्धा, सगळं एका पिशवीत भरलं आणि कचऱ्याच्या गाडीत दिलं. गाडीवाल्याला बजावून सांगितलं की हात घालू नकोस, जळजळेल. तो म्हणाला, "बाई, कचऱ्यात हात घालायची हौस कुणाला असते?"

रिकामी कुंडी जड होती म्हणून जिन्यात, तिच्या दाराबाहेरच्या कोपऱ्यात ठेवली. पट्टी आतच होती.

उरलेली पाच काढायला जरा वेळ घ्यावा म्हणते. एकदम सगळं काढवत नाही.

सोमवार, १७

सकाळी पाणी घालायला गेले तर गच्चीच्या दाराला माझ्या कुलपाखाली दुसरं कुलूप. मोठं, पितळी. तिचं.

कुंडीतली पट्टी नाहीशी झाली आहे.

मी तिचं दार वाजवलं. तिने उघडलं. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होईल. पण नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली, एक शब्द बोलली नाही, आणि दार लावून घेतलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा हिला शब्द सुचला नाही. मला वाटलं, जिरली.

पण कुलूप आहेच. माझी किल्ली असून मला जाता येत नाही, तिची असून तिला.

बुधवार, १९

ऊन फार आहे. रस्त्यापलीकडे जाऊन पाहिलं तर कठड्यावरून रोपांचे शेंडे दिसतात. माना टाकल्या आहेत. 'हसू'सुद्धा.

मी का जाऊ? कुलूप तिने लावलं. तिला किल्ली घेऊन खाली यायला पाय नाहीत का?

वर तीही हेच म्हणत असणार. तिच्या पावलांचा आवाज येतो. जिन्याच्या दारापर्यंत येते आणि परत फिरते. मीही दोनदा जिन्यापर्यंत गेले. दोघींचं भांडण आणि रोपांचा लाभ.

आता लिहिलेलं वाचलं. लाभ नव्हे, जीव.

गुरुवार, २०

शेवटी मीच गेले. रोपं माझ्या भावाची आहेत, तिच्यासाठी नाही गेले. जिन्यात वरच्या पायरीवर किल्ली हातात धरून उभी राहिले. हाक मारली नाही. थोड्या वेळाने ती बाहेर आली, तिच्याही हातात किल्ली होती. तिने तिचं उघडलं, मी माझं. दोघींनी न बोलता पाणी घातलं. मातीने ते गटागटा प्यायलं.

मग ती कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेपाशी गेली. जमिनीवर कुंडीचा गोल डाग होता.

"फळं कुठे आहेत?" म्हणाली.

"कुठली?"

"गप्पची."

"गाडीत गेली."

"सगळी?"

"चारच तर होती. झाड खुंटलेलं होतं."

ती उपड्या बादलीवर बसली. "गप्प म्हणजे काय असं वाटलं तुम्हाला?"

मी सांगितलं. हसू, पाणी, शिवी, सगळ्यांचे अर्थ सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ताई," म्हणाली, "तुम्ही एवढी वर्षं लोकांना औषधं दिलीत. वाचलं का त्यांतलं कुणी?"

मी बादली उचलून निघाले. ती म्हणाली, "थांबा. आता ऐकूनच जा. ह्यांना तिखट चालत होतं का?"

"नाही."

"मग आठ वर्षं ती फळं कोण खात होतं?"

मी बादली खाली ठेवली. मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. का पडला नव्हता ते माहीत नाही.

"रविवारी मी खायचे. हे समोर बसायचे, पेन्सिल घेऊन. तिखट किती, ते मला विचारायचे नाहीत. म्हणायचे, खाणाऱ्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं. मी हसले तर हसू लिहायचे. ती मिरची हलकी. डोळ्यांतून पाणी आलं तर पाणी. शिवी आली तर शिवी. देवाचा धावा केला तर देव."

"मग त्या शिव्या..."

"त्या ह्यांनाच होत्या. दुसऱ्या कुणाला घालणार? मी इथे पेटलेय आणि हे समोर बसून हसायचे, मेले," असं म्हणाली आणि त्या शब्दावर थांबली.

खालून रस्त्यावरच्या गाडीचा भोंगा वाजत होता.

"आणि गप्प?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"आठ वर्षांत एकदाच झालं. गेल्या महिन्यात. तोंडातून आवाजच निघाला नाही. हे घाबरले. उठून माझ्याजवळ आले, बोल म्हणाले, काहीतरी बोल, शिवी घाल. मला बोलताच येईना. मग दोघंही हसत सुटलो. तेव्हा पट्टी लिहिली. तेच निवडलं होतं. त्याचं बी धरायचं राहिलं."

मी म्हटलं, "मला वाटलं, तू त्याला शिव्या घालतेस."

"आठ वर्षं?"

"हो."

"तुमचा भाऊ वर शिव्या खातोय, असं तुम्हाला आठ वर्षं वाटत होतं," ती शब्द मोजून बोलली, "आणि तुम्ही एकदाही वर आला नाहीत. रेडिओ मोठा करत होतात."

मी खाली आले. तिने माझं कुलूप माझ्या दाराबाहेर आणून ठेवलं. नंतर पाहिलं.

शुक्रवार, २१

सकाळी कचराडेपोवर जाऊन आले. तिथे डोंगर आहेत. विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, शनिवारचा माल केव्हाच दाबला गेला. काय हरवलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, मिरच्या. तो म्हणाला, बाजार तिकडे आहे.

रविवार, २३

झणक्याला मीच बोलावलं. तिच्या घरी बसलो, कारण माझ्या घरी ती येईना. आठ वर्षांत त्यांच्या स्वयंपाकघरात मी बहुधा सणासुदीला... नाही, तेव्हाही ती दोघंच खाली यायची. टेबलाला दोन खुर्च्या आहेत. झणक्याला स्टूल दिलं. मी भावाच्या खुर्चीत बसू लागले तर ती म्हणाली, "ती नको." मग मी तिच्या खुर्चीत बसले आणि ती उभी राहिली.

झणक्याने सगळं ऐकून घेतलं. मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

"परत मिळू शकतं," म्हणाला. "मागच्या वर्षीचं बी आहे माझ्याकडे. त्याच फळाचं, ज्यातून हे झाड आलं. जास्त रोपं लावायची, चाळीसेक. एखादं तसं निघेल, नाही असं नाही. पण प्रत्येकाचं फळ खाऊन बघावं लागेल. वहिनींना."

"मी नाही खाणार," ती म्हणाली.

"वहिनी, तुमच्याशिवाय..."

"खाऊन बघितलं मी. त्या दिवशी सकाळी, एकटीने, सगळ्यांचं एकेक. काही झालं नाही. तिखट लागलं. गप्पसुद्धा. समोर कुणी नसलं की नुसतं तिखट लागतं. थुंकून टाकलं."

म्हणजे ते दातांचे ठसे. मी म्हटलं, "मी बसते समोर. मी बघीन."

ती हसली. चांगलं हसू नव्हतं ते. "तुम्ही? इतकी वर्षं खाली बसून ऐकत होतात, त्यातून काय कळलं ते दिसलंच. तुम्हाला बघता येत नाही, ताई."

झणका स्टुलावरून उठायच्या बेतात होता. मला राग आला होता. ती ओट्याला टेकून माझ्याकडे बघत होती, बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तशी.

"तुम्ही खा," म्हणाली. "मी बघते."

"मी?"

"हो. खरं सांगू का, तुमचे हाल होताना बघायला मला आवडेल."

झणका म्हणाला, "वहिनी, ताईंना सवय नाही, वयही..."

"तू गप्प बस," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

मंगळवार, २५

बी भिजवलं. ओल्या कागदात, डबीत. माझ्या खोलीत ऊब जास्त, म्हणून डबी खाली ठेवायची असं ठरलं. तिने ती माझ्या हातात देण्याआधी दोनदा विचारलं, "फेकणार नाही ना?"

तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता. तो अजून आलेला नाही. ती त्याला फोनवर म्हणत होती, "नंतर बघू, इथे एक काम निघालंय." जिन्यात ऐकू आलं. मी मुद्दाम ऐकलं नाही.

रविवार, ३०

नव्या रोपांना फळ धरायला बरेच महिने आहेत. पण ती म्हणाली, तोवर सराव झाला पाहिजे, नाहीतर तुमचं तोंड मला वाचता येणार नाही. गच्चीतल्या जुन्या झाडांची फळं आहेतच. त्यांच्या जुन्या पट्ट्या तिने काढून ठेवल्या. तुमची जीभ वेगळी, तुमच्यासाठी नव्या, म्हणाली.

दुपारी वर गेले. टेबलावर बशी, सुरी, हातमोजे, दुधाचा पेला. आज ती त्याच्या खुर्चीत बसली होती. पेन्सिल कानामागे. पहिला तुकडा 'हसू'चा. मी खाल्ला. जळजळलं. मी बसून राहिले.

"काय होतंय?"

"तिखट आहे."

"ते तुम्ही सांगताय. मला दिसत नाहीये." तिने टेबलावरून वाकून पाहिलं. "काहीच दिसत नाहीये. ताई, हे काय चाललंय? दाबताय का?"

"मी दाबत नाही. माझं असंच आहे."

"माहीत आहे असंच आहे. हे गेले त्या दिवशीही असंच होतं. लोक मला विचारत होते, ही बाई कोण? मी म्हटलं, सख्खी बहीण. त्यांना खरं वाटेना."

मी दूध प्यायले. दुसरा तुकडा 'पाणी'चा. जीभ, टाळू, मग पुन्हा कान. मी टेबलाची कड धरली. ती म्हणाली, "हात सोडा. धरून ठेवलंत तर मी काय लिहू? कोरं?" मी हात सोडले. घाम आला. तिने कपाळाकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं, खोडलं.

"वाईट आहात तुम्ही या कामाला," म्हणाली. "भिंत खाऊ घातली असती तर जास्त कळलं असतं."

तिसरा तुकडा 'शिवी'चा. तो मोठा होता, मला वाटतं तिने मुद्दाम मोठा कापला. तोंडात ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोरचं टेबल हललं. मी तिला काहीतरी म्हणाले. काय ते इथे लिहिणार नाही, असले शब्द मला येतात हेच माहीत नव्हतं. तिची पेन्सिल थांबली, आणि ती हसायला लागली. मोठ्याने, त्या खुर्चीत मागे रेलून. आणि मला, का ते कळलं नाही, त्याच खुर्चीत तो दिसल्यासारखं झालं, रविवारी दुपारी, पेन्सिल घेऊन, हसणारा. मी कधी न पाहिलेला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आधी थोडं. मग थांबेना. तोंडाची आग केव्हाच कमी झाली होती तरी थांबेना. मी तोंडावर पदर घेतला तर तिने तो हाताने खाली ओढला आणि माझ्याकडे बघत राहिली.

मला बोलता यायला लागल्यावर मी म्हटलं, "पाणी लिही."

"नाही."

"डोळ्यांतून पाणी आलं तर पाणी लिहायचं. तूच सांगितलंस."

"ते मिरचीचं आलं तर. हे मिरचीचं नाही. हे धरायचं नाही." तिने पट्टी कोरीच बाजूला ठेवली आणि दुधाचा पेला माझ्यासमोर सरकवला. मी तो संपवेपर्यंत तिने टेबल पुसलं, सुरी धुतली, हातमोजे उलटे करून वाळत टाकले.

मी उठले. ती पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या रविवारी वेळेवर या. आणि रडायचं असेल तर खालीच रडून या."